चौथं कलम

सोहारच्या यार्डात मी स्टोअरकीपर.
नट, बोल्ट, वेल्डिंगच्या कांड्या, हातमोजे,
आले किती, गेले किती, एवढंच माझं लिहिणं.
कुरुविला साहेब म्हणाले,
"परकार, तुझं इंग्रजी बरंय.
वकील मस्कतला, तासावर पैसे मोजतो.
जेवणाआधी एवढा एक कागद करून टाक."

कागद राजलिंगूचा.
प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याची.
"सर्व हक्क राजीखुशीने सोडतो,
यापुढे कसलीही तक्रार नाही"
हे त्याच्या वतीने
मी म्हणायचं.

जुनी फाईल उघडली, नक्कल मारली.
'ज्याअर्थी' झालं, पण 'त्याअर्थी' कुठे येतं
कळेना, म्हणून दोनदा घातलं.
चौथ्या कलमात
आधीच्याचं नाव तसंच राहिलेलं:
कुणी शमसुल.
त्याचं काय गेलं होतं, फाईल सांगत नाही.

कर्सर तिथेच लुकलुकत बसला.

खेडला आमच्या सातबारावर
दादांच्या नावाची एक वेलांटी चुकली होती.
तिच्यापायी अब्बांनी एकोणीस वर्षं
कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.
कायदा म्हणून मला तेवढाच येतो.

प्रिंट काढली.
साहेबांनी न वाचताच सही ठोकली.
राजलिंगू म्हणाला, कुठे?
मी बोट ठेवलं.
त्याने डावा अंगठा टेकवला, जपून,
जणू कागदालाच दुखेल.

शाई पुसायला चिंधी दिली.
मग रजिस्टर ओढून लिहिलं:
चिंधी, नग एक.