पहिल्यांदा धूर येईल

गवळीमाथ्याच्या अलीकडे, भोसरीत, पत्र्याच्या शेडमध्ये
माझं काम: तापणाऱ्या लोखंडाला रंग देणं.
इंजिनाच्या कुशीतला मॅनिफोल्ड,
चार नळ्या एका तोंडात मिळालेल्या,
बॉनेट लावलं की कुणाला दिसत नाही.
तरी लोक रंगवून घेतात.
पेठेतले तर उलटतपासणी करून घेतात,
"सहाशे डिग्री लिहिलंय डब्यावर. मोजलंय कुणी?"

आधी वाळूचा मारा. गंज उडतो,
बिडाचं खरं अंग दिसतं, राखाडी, खरबरीत,
घाईत दाढी केलेल्या गालासारखं.
मग थिनर. मग हातमोजे,
कारण बोटाचा एक ठसा राहिला
तर तेवढाच चट्टा पुढं वर्षभर सोलत राहतो.
गॅस्केट बसते ती कड टेपनं झाकायची,
बोल्टच्या भोकांत कागदाचे बोळे.
मग पातळ हात. अगदी पातळ.
दोन हातांमध्ये एक चहा.

हा रंग हवेत वाळतो, पण पक्का होत नाही.
नख लावलं की पापुद्रा निघतो.
त्याला भट्टी लागते, तीही टप्प्यांनी:
सव्वाशे, मग थंड.
दोनशे, मग थंड.
मग तीनशेच्या वर.
घाई केली की फोड येतात.

भट्टी इलियासचाचांची.
रास्ता पेठेतली बेकरी बंद झाली तेव्हा
भंगारवाला किलोवर मागत होता, मी नगावर घेतली.
चाचा म्हणाले, हिच्याबरोबर मीही येतो,
पगार नको, हिला एकटीला सोडवत नाही.
पहिल्या दिवशी कुणाच्या तरी जीपच्या मॅनिफोल्डला
नानकटाईचा वास आला.

काटा बघायचे नाहीत ते.
दार बोटभर उघडून तळवा पुढं धरायचे,
ओठांत आकडे म्हणायचे, मग सांगायचे,
"खारीची आच. दोनशे."
मी काटा बघायचे.
दोनशे.

मंगळवारी मेहेंदळ्यांच्या जुन्या फियाटचा नग
फोड येऊन बाहेर निघाला.
वरच्या वाकणावर, डाळीएवढे, पाच की सहा.
चाचा पेपर वाचत होते.
मी म्हणाले, धुतल्यावर ओल राहिली असेल.
संध्याकाळी त्यांनी चहासाठी हात पुढं केला
आणि तळव्यावर तसाच फोड,
पाण्यानं टच्च भरलेला.
"हे कधी झालं?"
त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

साखर जुनी आहे त्यांची. पायांचं ठाऊक होतं.
एकदा चप्पल निसटून मागं राहिली
आणि ते बसस्टॉपपर्यंत तसेच गेले होते.
हातांचं बोललो नव्हतो. मीही नाही, तेही.

रात्री थांबले. सगळं पुन्हा:
वाळू, थिनर, टेप, तीन हात.
आणि एक नवा थर्मामीटर, भट्टीच्या मागच्या अंगाला,
त्यांच्या खुर्चीवरून दिसणार नाही असा.

सकाळी त्यांनी पट्टी बांधलेला तळवा धरला.
डोळे मिटले. आकडे म्हटले.
"दोनशे."
मागं काटा अडीचशेला टेकत होता.
खाली पडलेला पाना शोधत असल्यासारखी वाकले,
बर्नरची चावी जराशी फिरवली.
"दोनशे," मी म्हणाले,
आणि काही वेळानं ते खरंही झालं.

मेहेंदळे आले. नखानं खरवडून पाहिलं, दोनदा,
चष्मा काढून तिसऱ्यांदा.
"गॅरंटी?"
सांगितलं: बसवल्यावर पहिल्यांदा धूर येईल.
वासही येईल. घाबरून गाडी बंद करू नका,
शेवटचं पक्कं होणं तिथंच होतं.
"आणि मग?"
"मग काही नाही. बॉनेट लावा."

पेपरमागून चाचा म्हणाले,
"धुराला गोड वास आला तर
मला कळवा हं, साहेब."