शेरा

टेपच्या टोकाला खडू फासते.
सोडते विहिरीत. वजन बुडतं.
वर ओढते : जिथवर खडू भिजला, तिथवर पाणी.
वर्षातून चारदा एवढंच माझं काम,
एकवीस वर्षं, तांडापेठ ते कळमना,
एक हिरवी वही, एक खडू.

निरीक्षण विहीर क्रमांक चौदा
सगुणाबाई निमजेंच्या अंगणात.
इथं सूत रंगवायचे.
सुताचं शेवटचं धुणं पपईच्या आळ्यात जायचं,
जावई आला तरी
बादल्या मोजूनच ओढायचे.

मग पेंचचं पाणी आलं, चोवीस तास.
विहिरीवर लाद्या आल्या, लाद्यांवर कूलर.
मी एक लादी सरकवते, तर बाई म्हणतात,
"आता काऊन मोजून राहिली व माय?
पानी त तिकडून येते."

तिकडून.
तिकडं वर धरण झालं, पेंच आखडली,
तेव्हा शहर म्हणालं, कन्हान आहे ना.
कन्हानची वाळू उघडी पडली,
तेव्हा शहर म्हणालं, मोठा कालवा येतोय,
वैनगंगेपासून थेट पश्चिमेला.
नकाशावर निळी रेघ, पट्टीनं मारलेली.
पलीकडच्या सोसायटीनं त्याच आठवड्यात
पुनर्भरणाचा खड्डा बुजवून
वर स्कूटर लावल्या.

पवनीचे दुधराम मारबते,
माझ्यासारखेच टेपवाले,
बापाचं जाळं अजून खुंटीला.
बैठकीत एकदाच बोलले :
"अतिरिक्त म्हणता साहेब, ते कोणाच्या वहीत?
आषाढात मोजलं का वैशाखात?"
तेवढ्यात चहा आला.

यंदा मे महिन्यात चौदा नंबरला
खडू हातभर जास्त भिजला.
मी चक्क विहिरीकडे बघून हसले.
मग टेप नाकाशी नेला.
क्लोरिन.
गल्लीखाली कुठंतरी पाइप फुटला होता,
आणि जंगल सोडून इतक्या लांब आणलेली नदी
कोणाच्याही नावावर न पडता
अंधारात झिरपत होती.

अंगणात कूलरमध्ये नळी सोडून
बाई आत गेलेल्या. टाकी भरून
पाणी तुळशीपर्यंत पोचलेलं.
मी नळ बंद केला.

पातळी लिहिली.
शेऱ्याला जागा अर्ध्या ओळीची.
"वाढ" लिहिलं असतं तर कार्यालय खूश झालं असतं.
लिहिलं : हे पाणी इथलं नाही.
मग खोडलं.
खडूला पाण्याचं गाव कळत नाही,
आणि मला शेऱ्यात
नदीचं नाव लिहायची सोय नाही.

लादी परत सरकवली, कूलरसकट.
उरलेला खडू कागदात गुंडाळला
आणि पंधरा नंबरला निघाले.