अज्ञान

फॉर्मवर जुईलीच्या नावापुढे
साहेबांनी लिहिलं : अज्ञान.
तिने ते मोठ्याने वाचलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, कायद्याची भाषा आहे गं,
अठरा भरेपर्यंत सगळेच.

नऊ वर्षांची आहे.
अष्टमीला भांग, हे तिला ठाऊक.
कुठल्या खडपाला कालवं धरतात,
हर्णैच्या लिलावात कोण गप्प बसलं की भाव चढतो, तेही.
साहेब साताऱ्याचे. अजून विचारतात,
आज भरती किती वाजता?

जन्माचा दाखला. पालकाचं पॅन.
खातं तिच्या एकटीचं, जोडीला नाव नाही.
पद्माकरने खिशातून ओल्या नोटा काढल्या.
मामा चालत नाही, साहेब म्हणाले,
आई, बाप, नाहीतर कोर्टाने नेमलेला.
पैसेही तुमच्या खात्यातून, किंवा तिच्या.

बाहेर आल्यावर त्याने नोटा माझ्या हातात कोंबल्या :
बहिणीला द्यायला कुठला फॉर्म लागतो?

अठरा झाली की तुमची सही बंद, असंही सांगितलं.
ती स्वतः कागद घेऊन येईस्तोवर
खातं थांबलेलं.

गेल्या मासेमारी बंदीत शिकले मी सही.
शेवंतीतला 'व' अजून पोट टाकतो.
नऊ वर्षं चालली तरी पुष्कळ.

संध्याकाळी बर्फाच्या बिलामागे
जुईली आपलं नाव गिरवत बसली,
खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.
मग पेन्सिल थांबवून विचारलं,
आये, तारीख कुठली टाकू?