एक डबा

हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत लिलाव मी पुकारतो.
एकतीस वर्षं वेंगुर्ला–सावंतवाडी गाडीवर तिकिटं फाडली,
घसा अजून शाबूत आहे;
त्याचेही आभार मानायचे राहून जातात.

वेदीपुढे भाताच्या लोंब्या, तवशी, सुपारीचा घोस,
सोलांची बरणी, सुक्या बांगड्यांची माळ,
आणि पाय बांधलेला एक कोंबडा,
जो उपदेशात दोनदा आरवला
आणि सगळ्यांना पेत्राची आठवण करून देऊन गप्प बसला.

उपदेश दहा कुष्ठरोग्यांवर होता.
बरे झाले दहा, परत आला एक.
"बाकीचे नऊ कुठे आहेत?" पाळक विचारत राहिले
आणि आम्ही आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिलो.

मग मी टेबलामागे उभा राहिलो.
तवसं सव्वाशेला गेलं.
तीतच्या नातवानं आणलेलं एक अंडं:
वीस, चाळीस, साठ.
जो घेई तोच परत ठेवी, "पुन्हा पुकार!"
चार वेळा विकलं गेलं ते अंडं.
बाजारात सांगितलं तर लोक हसतील.

तेवढ्यात दुर्कसबाई उठल्या.

गेल्या श्रावणात त्यांचे यजमान बांबोळीला होते,
चव्वेचाळीस दिवस.
प्रार्थना रोज झाली.
पंचेचाळिसाव्या दिवशी गाडी आली, तिला घाई नव्हती.

पदराखालून त्यांनी डबा काढला,
स्टीलचा, चार भाकऱ्या मावतील एवढा,
तोंडावर केळीचं पान, सुतळीनं बांधलेलं.
"तेवा रोज कोण ना कोण जेवण धाडी.
सगळ्यांचे डबे परत केलंय, ह्यो एक उरलो.
नाव नाय ह्येच्यार.
खटखटे लाडू घातलंय.
रिकामो कसो देव?"

आमच्या बोलीत 'देऊ'चं 'देव' होतं.
एरवी कानाला जाणवत नाही.

"कोणाचा डबा?" मी विचारलं.
हात वर नाही.
पंख्याचा आवाज, मागे कुठेतरी लहान मूल.
मी डबा फिरवून पाहिला
आणि काठावरचा पोचा बोटाला लागला.
मठच्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला होता
तेव्हा माझ्याच हातून सुटून गडगडत गेला होता तो,
पार शेवटच्या सीटखाली.

तिसऱ्या बाकावर माझी बायको, सिप्पोरा.
तिनं मान हलवली. एवढीशीच.
नाही.

तेव्हा मी माझाच डबा पुकारला.
पन्नास. शंभर. अडीचशे, फिलेमोन मास्तर.
परत वेदीवर. पुन्हा पुकार.
चारशे. सहाशे एक.
कधी नव्हे तो आकडा घशात अडकला,
लोकांना वाटलं वय झालं.
शेवटी बंदरावर बर्फ विकणाऱ्या ओबेदनं घेतला,
लाडू तिथंच बाकाबाकांतून फिरवले,
डबा काखेत मारला.
त्याची सून बाळंतीण आहे,
ज्या घरून तिला पेज येते, तिथे जाईल आता तो,
भरून.

वाटेत मी विचारलं, हात का नाही वर केलास?
सिप्पोरा दोन माड जाईपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली,
"नाव कळला असता तर एकट्या माझ्याकडे बघली असती.
आता ती सगळ्यांकडे बघता."

खरंच. चार रविवार झाले, पाहतोय.
दारात दुर्कसबाई प्रत्येकाचा हात जरा जास्त वेळ धरतात,
भांडकुदळ यायीरचासुद्धा.
न जाणो, ह्योच असात.

आणि मला त्या नऊ जणांचं काहीतरी सुचू लागलंय.
पाळकांना सांगितलेलं नाही.
गावाबाहेर इतकी वर्षं
कोणीतरी लांबूनच ठेवून जात असेल ना भाकरी?
कातडी बरी झाल्यावर
दारोदार हिंडत असतील ते,
हातात एकेक भांडं,
हे कोणाचं, हे कोणाचं.

डब्याचं झाकण आमच्याकडेच आहे,
फळीवर, मिठाच्या बरणीमागे.
सिप्पोरा शनिवारी घासून ठेवते.
दुसऱ्या कशालाच बसत नाही ते.