पीठ मागन तेवढं

हातपंपाच्या शेवाळावर पाय सरकला
आणि कांताचं उजवं मनगट मोडलं.
दारव्ह्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, म्हणाले, सहा आठवडे.
परतीच्या काळीपिवळीत मी हिशेब केला,
बेचाळीस दिवस, दोन वेळ,
चौऱ्यांशी स्वयंपाक.

अगदीच येत नव्हतं असं नाही.
महादेवाजवळच्या आंब्याखाली
गोवऱ्यांच्या आरात दीड-दीडशे रोडगे भाजलेत मी,
वांग्याची भाजी ढवळलीय फावड्याएवढ्या सराट्यानं,
गावानं बोटं चाटलीत.
पण दीडशे माणसांचं मीठ वेगळं.
दोन माणसांच्या मिठाला
लपायला जागा नसते.

पहिल्या दिवशी परातीत जवारीचं पीठ घेतलं
आणि विचारलं, पाणी किती?
ती पाटावर बसलेली, प्लास्टर मांडीवर घेऊन,
लेकरासारखं.
"पीठ मागन तेवढं."

एकतीस वर्षं खांबावर चढलो,
माझ्या कामात सगळ्याला आकडा असतो.
अकरा हजार म्हणजे अकरा हजार.
म्हटलं, वाटी सांग.
"वाटीनं केली नाई मी कधी."

पहिली भाकर अर्धी तव्यावर गेली, अर्धी तळहातावर राहिली.
दुसरीचे काठ फाटले.
तिसरीचं काय झालं ते आमच्या ढवळी बकरीला माहीत.
पऱ्हाटी भडकली, मी मागे सरलो,
तोवर ती विझली,
पुन्हा फुंकर, पुन्हा डोळ्यांत धूर,
आणि कांता म्हणते,
"तुराटी लावा नं बाप्पा, ते जराशीक आयकते."

सहाव्या दिवशी वरण लागलं.
कुंपणापलीकडून द्रौपदाबाईचा आवाज,
"काय जळू राह्यलं वो, भाऊ?"
मी गंज घेऊन उभा, बोलू की नको.
कांताच बोलली,
"काई नाई बाई, मीच सांगतलं खमंग करा म्हनून."
रात्री दोघांनी ते खमंग खाल्लं.
तिनं डाव्या हातानं,
दोनदा मागून.

नवव्या दिवशी ढवळीनं भाकरीचा वास घेतला
आणि कडुलिंबाच्या फांदीकडे तोंड फिरवलं.
त्या दिवशी मला खरं वाईट वाटलं.

मग एकदा चुन करताना
तेलात मोहरी टाकली आणि सवयीनं
मान जराशी तिरपी झाली,
डीपीखाली उभं राहून ऐकतो तशी.
डीपीचा घूं ऐकून मी सांगतो
कुठल्या फेजवर भार जास्त आहे,
कोणी चोरून मोटर लावलीय का.
तो आकडा कुठे लिहिलेला असतो?
मोहरी थांबत आली, लसूण टाकला.
तिखट टाकताना मात्र ठसका लागला,
सांबार चिरायचा राहिलाच.

तेविसाव्या दिवशी भाकर फुगली.
आधण पिठात ओतलं, थांबलो,
थापताना परात फटफट वाजता वाजता
मऊ बोलायला लागली,
आणि निखाऱ्यापाशी उभी केली तर
टम्म.
बघायला कोणीच नव्हतं.
कांता द्रौपदाबाईकडे वेणी घालून घ्यायला गेलेली.
हाक मारली, ती येईतो भाकर खाली बसली.
"फुगली होती," मी म्हटलं.
"असन," ती म्हणाली.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट
सोललेल्या तुराटीसारखं, पांढरं, बारीक.
डॉक्टर म्हणाले, रोज पिठाचा गोळा दाबत जा,
हाच व्यायाम.
घरी येऊन तिनं परात ओढली.
बोटं वळेनात. काठ फाटले.
ती काही बोलली नाही, मीही नाही.
तव्यावरून उतरवली, तिरपी, एका बाजूला जाड,
आणि ती हात लांबवून दाराकडे वळली.

मी तिच्या हातातून घेतली ती भाकर
आणि माझ्या ताटात ठेवली, वर ठेचा.

ढवळी दारात उभी होती
बराच वेळ.