कारणाचा रकाना

आनेके, वय त्रेचाळीस.
साठीला सतरा वर्षं बाकी, म्हणजे पेन्शनर नाही.
नोकरी नाही, करायचीही नाही.
नवरा इथला नाही, तिथलाही नाही.
बँकेचा कागद मात्र असा
की माझ्या दोन पिढ्या बसून खातील.

सिव्हिल लाइन्सच्या निंबाखाली
टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला,
रकाना तोच : मुक्कामाचे कारण.

शिक्षण टाकू? हसते.
उपचार? तब्येत माझ्याहून ठणठणीत.
योग?
"नको. कंटाळा येतो."

मग कायले राहाचं बाप्पा नागपुरात?
मे महिन्यात तर आम्हीच पळतो.

घाम पुसते. तुटक मराठीत सांगते :
त्रिमूर्तीनगर, दुपारचे तीन,
कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं
की वाळा ओला होतो
आणि अर्धा तास
कोणाला कोणाकडून काही नको असतं.

चाळीस अक्षरं मावतात रकान्यात.
मी 'पर्यटन' लिहिलं.

सहा महिने भरले. काठमांडूला निघाली,
नवा शिक्का घेऊन येते म्हणाली.
आली नाही तर?
विचारलं नाही मी. फी घेतली.

खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेली :
"रविवारी जाल ना, दादा?
वाळा वाळू देऊ नका."