अर्धा पुडा मीठ

नव्या घरात शिरलो की पहिल्या दिवशी आम्ही मीठ आणतो.
किलोचाच पुडा मिळतो बहुतेक देशांत.
दोन माणसं, पाच आठवडे, त्यात तुझं ब्लडप्रेशर
असल्या हिशोबाचं गिऱ्हाईक
दुकानदारांना ठाऊक नसावं.

तिबिलिसीत ठेवून आलो अर्धा पुडा, रबर लावून.
दा नांगला गॅसखालच्या कप्प्यात, ओल धरलेला.
वाहाकात तर जाड खडे होते, ते मी मोलकरणीला दिले,
ती म्हणाली, माझ्या घरी आहे की मीठ.

श्कोडर हे एकतिसावं घर.
खाली घरमालकीण, द्रांदे,
सत्तरीची, सायकलवरून कोबी आणते
कॅरिअरला लहान मूल बांधावं तसा बांधून.
नवरा तारेच्या कारखान्यात होता. कारखाना गेला, मग नवरा.
मुलगा बेर्गामोला फरश्या बसवतो.
गल्लीतली निम्मी दारं ऑगस्टमध्येच उघडतात.

पहिल्याच आठवड्यात तिनं फोनपुढे तोंड नेऊन विचारलं,
आणि फोन आमच्या भाषेत म्हणाला:
तुमच्या मागे कोण लागलंय?

तू हसलास.
मी पासष्टाव्या पानावरचे दुष्परिणाम तपासत होते,
मळमळ, चक्कर, क्वचित विस्मरण,
रात्री आठपर्यंत चिठ्ठी कंपनीला द्यायची होती.
कोण लागलंय, खरंच?
फ्लॅट विकला तेव्हा वाटलं होतं, हप्ते.
नंतर वाटलं, शेजारच्या देशमुखांसारखं
रोज त्याच बाकावर बसून गुडघे मोजणं.
आता तुझा गुडघा जिना चढताना वाजतो
आणि जिना दर वेळी नवा असतो, एवढंच.

फॉर्मवर 'कायमचा पत्ता' आला
की आपण वन्संचा लिहितो.
त्यांच्याकडे आपली एक पेटी आहे.
त्यात काय आहे ते मला आठवत नाही,
तुलाही नाही,
आणि हे आपण एकमेकांना सांगितलेलं नाही.

द्रांदे मान आडवी हलवते तेव्हा 'हो' म्हणते.
हे कळायला तीन दिवस गेले,
तोवर तिनं तीनदा जेवायला बोलावलं होतं
आणि आम्हाला वाटत होतं, ती नको म्हणतेय.
तिलाही आमच्या मानेचं काही कळेना;
आमची तर हो आणि नाहीच्या मधेच कुठेतरी डुलते.

निघायच्या सकाळी पुडा घेऊन खाली गेले,
जरा ओशाळून, उष्टं द्यावं तशी.
तिनं कोठीचं दार ढकललं.
पिंपात हिरवे टोमॅटो, फ्लॉवर, मिरच्या,
आणि वर फळीवर ओळीनं पुडे,
सगळे अर्धे, सगळे दुमडलेले.
डच नवरा-बायकोचा. एका पोलिश विधवेचा.
कुणा कॅनडावाल्याचा, जो रात्रभर खोकायचा.
बाया बापड्या, पन्नाशीची माणसं,
येतात, टेबल खिडकीशी ओढतात, जातात.
एकेक पुडा ती ओतत गेली. मग माझा.
फोन म्हणाला: पाहुण्याला द्यायला आमच्याकडे तीनच गोष्टी,
भाकरी, मीठ आणि काळीज.

खाल्ल्या मिठाला जागावं, आई सांगायची.
एकतीस घरचं मीठ, आई.
इतक्या मिठाला जागायचं
तर झोपायचं कधी?

तिनं मागच्या साली घातलेल्या लोणच्याची बरणी दिली,
झाकणाला प्लास्टिक, प्लास्टिकला सुतळी.
तिरानाच्या विमानतळावर दोन किलो जास्त भरलं.
मागे रांग. तू वाकलास, गुडघा वाजला,
तू बरणीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे,
आणि लॅपटॉपचा स्टँड काढून बाकड्यावर ठेवलास,
तोच, ज्याच्यासाठी लिस्बनमध्ये चार दुकानं फिरलो होतो.

'परत येणार का?' तिनं विचारलं होतं.
मी मान हलवली होती.
तिनं कुठल्या भाषेत वाचली, कोण जाणे.

पुढच्या घरी, गाव अजून ठरायचंय,
मीठ आणायला एक दिवस उशीर झाला तरी चालेल.